साखर आधी की कापड

मनसाराम मारबते आमच्या वाचनालयात पहिल्यांदा आला, तेव्हा मी त्याला बाहेर काढायलाच उठले होते. हातात ओली पिशवी, अंगाला माशांचा वास, आणि पाठोपाठ तसाच दुसरा एक जण. सोमवार होता, म्हणजे आमच्या गावचा बाजार. बाजाराच्या दिवशी खेड्यावरचे लोक वाचनालयात दोनच कामांसाठी येतात, माठातलं पाणी प्यायला आणि पंख्याखाली टेकायला. पाण्याला माझी ना नाही. पण पंखा एकच चालतो, आणि त्याखाली परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं बसतात.

"बाईजी, कंट्रोल उठला तो पेपर पाह्यजे," तो म्हणाला.

"कोणता पेपर?"

"जुना. आमी दोघं जलमलो तेव्हाचा."

उठलेली मी पुन्हा बसले. आमचं वाचनालय सिंदेवाहीच्या पुढे, मूलच्या अलीकडे, एका लहानशा गावात. पुढे बसायची खोली आणि मागे अडगळीची. त्या अडगळीत एका जुन्या वकिलांनी देणगी दिलेल्या, नागपूरच्या एका साप्ताहिकाच्या बांधीव फायली होत्या, मोठी लढाई संपली तेव्हापासूनच्या. देणगीच्या दिवशी हार घातले गेले, फोटो निघाला आणि मग उंदीर सोडून त्यांना कुणी हात लावला नाही. मी मात्र दर दिवाळीला त्या झटकून, डांबरगोळ्या टाकून पुन्हा रचत आले होते. कुणीतरी एक दिवस मागेल, असं वाटायचं. तो मागणारा माझ्यासमोर उभा होता आणि त्याच्या पिशवीतून टपटप पाणी गळत होतं.

"पिशवी बाहेर ठेवा," मी म्हटलं. "आणि हात धुऊन या. साबणानं."

ही २००४ च्या जानेवारीतली गोष्ट. आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. कंट्रोलचा तांदूळ, कंट्रोलचं रॉकेल, 'आज कंट्रोल उघडा आहे काय?' पाटीवर सरकारनं काहीही लिहिलेलं असो, ते कुणी उच्चारत नाही. लढाईच्या दिवसांत धान्य, साखर, कापड सगळ्याचे भाव आणि वाटप सरकारनं बांधून दिलं, तेव्हाचा हा शब्द. तो कंट्रोल मध्ये उठला, पुन्हा लागू झाला, पुन्हा उठला. शब्द मात्र आमच्या जिभेवरून हलला नाही.

मनसाराम आणि त्याचा सोबती इसरू हे दोघं मोहबोडीचे ढीवर, मासेमारी करणारे. मोहबोडी म्हणजे जंगलाच्या कडेला, मालगुजारांच्या काळातल्या मोठ्या तलावाच्या पाळीखाली वसलेलं गाव. तलावातले मासे आणि पाळीखालचे धानाचे तुकडे, यावर त्यांची टोली, म्हणजे वस्ती, जगते. त्यांच्या वेळी तिथे पोर झालं तर तारीख कुणी ठेवत नसे. कुणी पुराच्या सालचा, कुणी पटकीच्या सालचा, कुणी पाटलाची म्हैस वाघानं नेली त्या उन्हाळ्यातला. हे दोघं कंट्रोल उठला तेव्हाचे.

मनसारामची आई सोमारी सांगायची, कापडाचा कंट्रोल उठला त्या आठवड्यात तू झालास. तुझ्या बापानं बाजारातून कोरं मांजरपाट आणलं आणि त्यात तुला गुंडाळलं. इसरूची आई रंभा सांगायची, साखरेचा कंट्रोल उठला आणि तू झालास. तुझ्या बापानं टोलीभर मूठमूठ साखर वाटली. दोघी माउल्या हे आयुष्यभर सांगत राहिल्या आणि एक दिवस गेल्या. साखर आधी की कापड, हे विचारायचं तेव्हा कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

आता ते विचारायची वेळ आली होती. मोहबोडीत चैत्रात तलावाचं पाणी उतरलं की मासेमारी सुरू होते, आणि पहिलं जाळं फेकायचा मान पाण्यात उतरणाऱ्यांमधल्या सगळ्यात वडील माणसाचा. त्यानं पाळीवर उभं राहून आधीच्या फेकणाऱ्यांची नावं घ्यायची, शेवटी आपल्यानंतर कोण त्याचं नाव घ्यायचं आणि मग जाळं फेकायचं. लच्छूभाऊंनी कितीतरी चैत्र हे काम केलं. शेवटचं नाव घ्यायची वेळ आली की ते म्हणायचे, "माह्यानंतर कंट्रोलची जोडी!" सगळं गाव हसायचं. मागच्या पावसाळ्यात लच्छूभाऊ वारले, आणि लोकांच्या ध्यानात आलं की जोडीत माणसं दोन आहेत आणि पहिलं जाळं एकच.

"शाळेच्या दाखल्यावर बघा की," मी सुचवलं.

"पाह्यलं जी. गुरुजीनं दोघाईले एकाच तारखेले जलमवलं," मनसाराम म्हणाला. "आमालेच काय, साऱ्या वर्गाले. त्या दिवशी मोहबोडीत सुईनी पुरल्या नसन."

"चिठ्ठी टाका मग."

तो एकदम गंभीर झाला. "चिठ्ठीनं कोनी मोठा होते का, बाई? मले तं तो मान पाह्यजे. खोटं काऊन बोलू? लहानपनापासून पाह्यून राह्यलो. पाळीवर उभं राहाचं, साऱ्या गावासमोर नावं घ्याची. पन माह्या हक्काचा असन तं पाह्यजे."

इसरूनं नुसती मान हलवली, आणि ती त्यालाही तो मान हवाय म्हणून हलली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

जोडी मोठी मजेशीर होती. मनसाराम उंच, सुटलेल्या पोटाचा, आवाज असा की बाजारात त्याला घंटा लागत नसे. चौथी पास. टोलीत त्याच्या वयाचा वाचता येणारा तो एकटा, त्यामुळे कंट्रोलवरची सूचना असो की लग्नाची पत्रिका, वाचायला त्यालाच बोलावत. तरुणपणी एकदा तो गोदावरीवर मासे मारायला सिरोंच्याला गेला होता. तिथून तो तेलुगू शिव्या तेवढ्या शिकून आला आणि त्या आपल्या बैलांना घालतो. माशाच्या लांबीबद्दल तो जे सांगेल त्यातून एक हात वजा करायचा, हे टोलीतल्या लहान पोरालाही ठाऊक. बाकी बाबतीत मात्र त्याचा शब्द चालायचा. इसरू किडकिडीत, बोलायला महाग. तो शाळेत गेला आणि महिनाभरात परत आला. पण जाळं विणण्यात आणि सांधण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

त्यांनी आपला कायदा घरूनच करून आणला होता. मनसारामनं मोठ्यानं वाचायचं, इसरूनं शेजारी बसून ऐकायचं, आणि मी फायलीत डोकावायचं नाही.

"मी तासाभरात शोधून देते," मी म्हटलं.

"नाई जी. तुमी सांगतलं तं हारनारा म्हनन, बाईले मासे चारले. आमचं आमी पाह्यतो."

माझ्या डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी आहे. ती मीच रंगवून घेतली आहे. तिच्याखाली बसून मनसारामनं त्या सोमवारी जे वाचायला सुरुवात केली, ते बाहेरच्या पानटपरीपर्यंत ऐकू जात होतं. अभ्यासाची पोरं माझ्याकडे तक्रार घेऊन आली. मी त्यांना म्हटलं, कान बंद करा आणि वाचा. पुढच्या सोमवारी तीच पोरं खुर्च्या सरकवून जवळ बसली.

कारण तो सरळ साखरेच्या बातमीकडे जाईल तर मनसाराम कसला! लढाई संपली त्या सालापासून त्यानं सुरू केलं आणि एक ओळ सोडली नाही. दंतमंजनाची जाहिरात वाचली. कुठल्याशा गावी सर्कशीचा हत्ती सुटला, ते दोनदा वाचलं, कारण इसरूला ते फार आवडलं. एका गृहस्थानं संपादकाला पत्र लिहिलं होतं की मुलीच्या लग्नात पाहुण्यांच्या संख्येवर सरकारी बंधन आल्यामुळे आपल्याला व्याह्यांच्या मामेभावांना बोलावता आलं नाही, तरी सरकारचे मनःपूर्वक आभार. त्यावर सगळी खोली हसली. मीही हसले आणि मग पाटीकडे पाहून गप्प बसले.

कंट्रोल मात्र सापडेना. पहिले दोन बाजार असेच गेले. मग माझ्या लक्षात आलं की त्या जुन्या बातम्यांमध्ये मथळ्यात 'नियंत्रण' असा भारदस्त शब्द असतो आणि मनसाराम तो न समजता पुढे पळतो. फायलीत डोकावायचं नाही एवढंच ठरलं होतं, बोलायचं नाही असं नव्हतं. मी जागेवरूनच सांगितलं, "नियंत्रण म्हणजेच कंट्रोल."

"मंग तसं लिवाले काय झालतं त्याईले?" तो भडकला आणि पुन्हा पहिल्या पानावर गेला.

आता मजा सुरू झाली. मथळ्यात नियंत्रण आणि खाली लोकांच्या पत्रांत कंट्रोल. पत्रांतही तो आधी अवतरण चिन्हांत यायचा. इसरूनं त्या खुणांवर बोट ठेवून विचारलं, हे काय टोचून ठेवलं आहे? मी सांगितलं, शब्द परका आहे, नवा आहे, म्हणून त्याला अशा खुणा करतात.

"म्हंजे नवा जावई," मनसाराम म्हणाला. "पाट मांडून बसवला."

पुढे पानं उलटली तसा जावई जुना होत गेला. 'कंट्रोलचे कापड' आलं, 'कंट्रोलभाव' आला, 'कंट्रोलच्या दुकानापुढे गर्दी' आली. एका जाहिरातीत धोतरं 'कंट्रोलपेक्षा टिकाऊ' म्हणून विकायला ठेवली होती. खुणा कधी गळाल्या ते नेमकं सांगता यायचं नाही, पण गळाल्या. आणि एका आठवड्याला संपादकांनीच हात टेकले. मथळ्यातच छापलं, 'कंट्रोल उठणार काय?' मनसारामनं टेबलावर थाप मारली. "आला घरात! आता पाट नाई का काई नाई, सरळ चुलीपाशी." मला त्या माणसाचं त्या घडीला फार कौतुक वाटलं. इतकी वर्षं झटकलेल्या धुळीचं चीज झालं, असं मनात आलं.

तिथून पुढे दर आठवड्याला कंट्रोल उठण्याच्या आवया. मनसारामचा आवाज हळूहळू उतरायला लागला, वाचताना तो घाम पुसायला लागला. इसरू पुढे सरकून बसायचा. पोरांनी आपापसात पैजा लावल्या होत्या.

मग तो सोमवार आला. मी त्यांच्या मागच्या कपाटात पुस्तकं लावत होते. मनसारामनं १९४७ च्या डिसेंबरचं एक पान उलटलं आणि तो थांबला. त्याच्या खांद्यावरून मला मथळा स्पष्ट दिसला. साखरेवरचा कंट्रोल उठला होता. खालीच लिहिलं होतं, कापडाचा कंट्रोल तूर्त कायम राहील. म्हणजे साखर आधी. म्हणजे इसरू थोरला.

मनसाराम त्या ओळींकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "इथी फाटलं आहे. काई दिसत नाई."

इसरूनं हात पुढे केला. पानावर तळहात ठेवला, बोटं वरून खाली सावकाश फिरवली. "असन," तो म्हणाला. "चाल, बाजार उठते."

दोघं उठून गेले. मी ते पान पाहिलं. कुठेही फाटलेलं नव्हतं. उंदरांनीसुद्धा ते सोडून दिलं होतं.

मला इतका राग आला की त्या दिवशी मी पोरांना विनाकारण झापलं आणि वाचनालय वेळेआधी बंद केलं. माशाच्या लांबीत हातभर वाढवणं वेगळं आणि हे वेगळं. ज्याला अक्षर कळत नाही, जो विश्वासानं शेजारी येऊन बसतो, त्याच्यासमोर असं करायचं? मोहबोडीला जाऊन सांगावं असं वाटलं. पण डोकावायचं नाही, असं मी कबूल केलं होतं, आणि डोकावले तर होतेच. आठवडाभर मी स्वतःशीच भांडत होते.

पुढच्या सोमवारी दार उघडायला आले, तर दोघं पायरीवर बसलेले. मनसारामजवळ पिशवी नव्हती. बाजाराच्या दिवशी मासे न घेता आलेला ढीवर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

आत येऊन त्यानं फाईल स्वतःच काढली. पान उघडलं. "इसरू," तो म्हणाला, "मागच्या बाजारी मी लबाडी केली. पान फाटलं नोहतं."

"वाच," इसरू म्हणाला.

मनसारामनं वाचलं. नेहमीच्या बाजारी आवाजात नाही, पण प्रत्येक अक्षर ऐकू येईल असं. साखरेचं वाचलं, कापडाचंही वाचलं. मग पुढच्या जानेवारीपर्यंत पानं उलटत गेला आणि कापडाचा कंट्रोल उठल्याची बातमीही वाचली. त्याची स्वतःची. ती त्यानं ओळीवर बोट ठेवून वाचली. "माह्या मायनं बराबर सांगतलं होतं," एवढंच तो म्हणाला. मग मान खाली घातली. "तू मोठा आहेस. महिनाभरानं. जाळं तूच मारशीन."

"मले मालूम होतं," इसरू म्हणाला.

"काय मालूम होतं?"

"पान फाटलं नाई म्हून." इसरूनं आपली बोटं उघडून दाखवली, सुतानं चिरलेली, घट्टे पडलेली. "जाळ्याचं भोक मी न पाह्यता बोटानं हुडकतो. पानावर हात फिरवला, तं कुठी भोक नोहतं."

मनसारामनं फाईल मिटली. "मंग बोलला काऊन नाई बे?"

"तुह्या घरची वच्छलाबाई रोज सांगे, घरचा मानूस जेवून नाई राह्यला, बैलाईले शिव्या नाई देऊन राह्यला. म्हटलं, येते हा सोमवारी."

"आन नसतो आलो तं?"

इसरूनं थोडा विचार केला. "तं तूच मारलं असतं जाळं. मी कोनाले सांगतो?"

मनसारामला आधी रडू आलं की हसू, ते मला सांगता येणार नाही. त्यानं इसरूच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि त्याला घट्ट धरून ठेवलं. मी मागच्या खोलीत गेले आणि उगाच डांबरगोळ्या मोजत बसले. राग कुठल्या कुठे गेला होता. मी परत आले तेव्हा मनसाराम इसरूला सर्कशीच्या हत्तीची बातमी पुन्हा वाचून दाखवत होता, आणि आता आवाज पानटपरीपर्यंत जात होता.

चैत्रात त्यांनी मला बोलावणं धाडलं. मोहबोडीला एसटी पाळीपर्यंत जात नाही, शेवटचा तुकडा चालावा लागतो. मोह गळायचे दिवस होते, साऱ्या रस्त्यानं तो गोड वास. तलावाचं पाणी उतरून आत गेलं होतं आणि पाळीवर सगळं गाव जमलं होतं. मनसारामची बायको वच्छलाबाई मला हाताला धरून पुढे घेऊन गेली. "या बाईमुळे माह्या घरचा आठ दिवस उपाशी होता," असं ती प्रत्येकाला सांगत होती, आणि वर मला फुटाणेही देत होती.

तरुण ढीवर आधीच पाण्यात उतरले होते, मासे हाकायला. त्यांच्यात मनसाराम कमरेइतक्या पाण्यात उभा, आता तो धाकट्यांतला ना! इसरू पाळीवर आला. अंगात कोरी बंडी, खांद्यावर जाळं. नारळ फुटला. सगळे गप्प झाले. कधी चार शब्द सलग न बोलणारा तो माणूस, त्याला एवढ्या लोकांसमोर नावं घ्यायची होती. 

"कोलूबाबा," तो म्हणाला. आवाज फुटत नव्हता. त्यानं पाण्याकडे पाहिलं. मनसारामनं खालून हात वर केला, वाचताना अडलेल्या पोराला गुरुजी करतात तसा. इसरूनं श्वास घेतला आणि मग एकेक नाव खणखणीत घेतलं. शेवटी लच्छूभाऊंचं घेतलं आणि थांबला.

"माह्यानंतर," तो म्हणाला, "मनसाराम."

नुसतं मनसाराम. इतकी वर्षं जोडीत घेतलं जाणारं नाव पाळीवरून पहिल्यांदा एकटं निघालं होतं. सगळ्यांच्या माना पाण्याकडे वळल्या. मनसाराम साऱ्या तलावाला ऐकू जाईल असा ओरडला, "मंग मर ना बे लवकर!"

पाळ हसून हसून लोटपोट झाली. वच्छलाबाईनं कपाळावर हात मारला. इसरू मात्र हसला नाही. त्यानं खांद्यावरचं जाळं नीट केलं, एक कड दातात धरायच्या आधी पाण्यातल्या त्या उघड्या, पोट सुटलेल्या माणसाकडे बघितलं.

"मरतो," तो म्हणाला. "पन तुह्याहून एकच महिना आधी. तेवढाच मोठा आहो मी."

मनसारामनं ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं, आणि पुन्हा मारलं. मग इसरूनं जाळं फेकलं.